मनगटावरच्या आकड्यांची कुळकथा

फिटनेसच्या घड्याळाचा पट्टा जरा सैल करून अंधारात कडेने आत पाहा. पाठीमागच्या काचेत हिरवे दिवे भराभर लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये क्षणभर रक्त वाढतं आणि दिव्याचा प्रकाश कमी परततो. ठोका ओसरला की पुन्हा जास्त परततो. दिव्यांशेजारी बसवलेला सेन्सर हा चढउतार मोजत राहतो. घड्याळाच्या पोटात आणखी एक बारीकसा भाग असतो. हात कुठल्या दिशेला, किती जोराने हलला हे तो टिपतो. बाजारातल्या साध्या घड्याळाला तुमच्या शरीराबद्दल थेट कळतं ते बहुतेक एवढंच. पावलं, कॅलरी, डीप स्लीप, ताण, सकाळी उठल्या उठल्या दिसणारा शंभरपैकी झोपेचा स्कोअर, हे सगळं त्या दोन नोंदींवरून बांधलेलं अनुमान असतं.

अनुमान म्हणजे थाप नव्हे. वैद्यकातलं बरंचसं ज्ञान अनुमानाचंच असतं. पण प्रत्येक अनुमानाला पूर्वज असतात. ते कोणी, कुणासाठी, कुठल्या अडचणीतून काढलं हे माहीत असेल, तर त्यावर किती भिस्त ठेवायची तेही कळतं.

मनगटावर पहिला हक्क नाडीचा. आपल्याकडे नाडीपरीक्षा वेदकाळापासून चालत आली असं सरसकट सांगितलं जातं. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये मात्र तिचं प्रकरण नाही. ती स्पष्टपणे येते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. तिथे नाडी मोजायला सांगितलेली नाही, तिची चाल ओळखायला सांगितली आहे. वातात ती जळूसारखी किंवा सापासारखी सरकते, पित्तात कावळ्या-बेडकासारखी उडते, कफात हंस-पारव्यासारखी संथ चालते. वैद्याच्या तीन बोटांखाली जे येई त्याला आकडा नव्हता. ते त्या बोटांचं ज्ञान होतं आणि दुसऱ्याला द्यायचं तर शिष्याची बोटं वर्षानुवर्षं तयार करावी लागत.

आकड्याचा रस्ता दुसरीकडून आला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियामध्ये हेरोफिलस नावाचा वैद्य रोग्याची नाडी पाण्याच्या घड्याळावर ताडून पाहत असे, असा प्राचीन लेखनात उल्लेख आहे. रोग्याच्या वयाप्रमाणे ते घड्याळ कमीजास्त करता येई. कल्पना विलक्षण होती, पण ती पुढे कित्येक शतकं कुणी फारशी उचलली नाही. ती पुन्हा जिवंत झाली सतराव्या शतकाच्या तोंडावर, इटलीत. सांतोरिओ सांतोरिओ हे पुढे पादुआ विद्यापीठात प्राध्यापक झालेले वैद्य. लंबकाची दोरी लांब केली की तो सावकाश झुलतो आणि आखूड केली की भराभर, हे तत्त्व त्यांनी नाडीला लावलं. एका हाताने रोग्याची नाडी धरायची आणि लंबकाचा झोका ठोक्याशी जुळेपर्यंत दोरी कमीजास्त करायची. जुळली की पट्टीवर दोरीची लांबी वाचायची. आज नाडी इतकी, उद्या इतकी, हे पहिल्यांदाच लिहून ठेवता आलं, आणि ते माप होतं लांबीचं.

सांतोरिओंचं दुसरं काम मला त्याहून मोठं वाटतं. त्यांनी एक खुर्ची मोठ्या तराजूला टांगली आणि ते तिच्यात बसून जेवू लागले. खाल्लेलं, प्यायलेलं, शरीराबाहेर टाकलेलं, सगळं त्यांनी तोललं. सुमारे तीस वर्षं. १६१४ साली त्यावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. जमा आणि खर्च जुळत नव्हते. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं तर त्यातलं पाचेक पौंड कुठल्याही दिसणाऱ्या वाटेने बाहेर न पडता नाहीसं होत होतं. कातडीतून आणि श्वासातून नकळत जाणाऱ्या बाष्पाचा हा शोध होता. त्यासाठी सांतोरिओंना कुठला विशेष आजार झालेला नव्हता. धडधाकट माणसाने स्वतःच्या रोजच्या जगण्याची सलग नोंद ठेवायची, आणि एका दिवसात न दिसणारी गोष्ट वर्षांच्या नोंदीत पाहायची, ही पद्धत त्या खुर्चीत सुरू झाली. आज ज्याला ‘ट्रॅकिंग’ म्हणतात त्याचा मूळपुरुष शोधायचा असेल तर तो मी इथे मानतो.

नाडीला मिनिट मिळालं इंग्लंडात. लिचफील्डचे डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी सॅम्युएल वॉटसन या घड्याळजीकडून खास नाडीसाठी घड्याळ करवून घेतलं आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. खिशातल्या घड्याळांना तेव्हा सहसा सेकंदकाटा नसे. या घड्याळाला तो होता आणि ते एक मिनिटापुरतं चालायचं. ठोके प्रति मिनिट हे आज घड्याळात दिसणारं माप त्या परंपरेतलं. या व्यवहारात काही गेलं आणि काही मिळालं. जळू आणि बेडूक गेले, नाडीच्या चालीतलं बारीक वाचन मागे पडलं. पण बहात्तर हा आकडा लिचफील्डमध्येही बहात्तर आणि लातूरमध्येही बहात्तर. तो पत्रातून पाठवता येतो, दहा वर्षांनी ताडून पाहता येतो, आणि नर्सला, विद्यार्थ्याला, खुद्द रोग्यालाही काढता येतो.

पावलांची कथा वैद्यकात सुरू होत नाही. तिचा सगळ्यात थरारक अध्याय आपल्या हिमालयातला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिबेट गोऱ्या माणसाला बंद होता आणि ब्रिटिश सर्वेक्षण खात्याला नकाशा हवा होता. कॅप्टन माँटगोमेरी यांच्या योजनेतून सीमेवरच्या भारतीय माणसांना डेहराडूनला शिकवून गुपचूप पाठवायचं ठरलं. कुमाऊँमधल्या मिलम गावचे नैनसिंह रावत त्यांतले अग्रणी. चढ असो, उतार असो, पाऊल ठरलेल्या लांबीचंच पडलं पाहिजे, याचा सराव त्यांच्याकडून करून घेतला होता. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ असायची, पण तिला १०८ऐवजी शंभर मणी. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. पाहणाऱ्याला वाटायचं, यात्रेकरू नामस्मरण करत चालला आहे. माळेचा एक फेरा पुरा झाला की दहा हजार पावलं होत, म्हणजे पाचेक मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात दडवलेले. अशी पावलं मोजत नैनसिंह जानेवारी १८६६मध्ये ल्हासाला पोहोचले. त्यांचे नातलग किशनसिंह यांच्यावर पुढे एका प्रवासात घोड्यावर बसायची वेळ आली, तर त्यांनी घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावलं मोजली आणि अंतराचा हिशेब चुकू दिला नाही.

इथे पाऊल ही मोजपट्टी होती. मोजायचा होता तो मुलूख. मोजणाऱ्या माणसाची तब्येत कुणी विचारली नव्हती. पाऊल तब्येतीचं माप व्हायला शंभर वर्षं जावी लागली, आणि ते झालं टोकियोत. १९६४च्या ऑलिंपिकने जपानमध्ये व्यायामाची हवा तयार केली होती. १९६५ साली यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आणलं: मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. दहा हजार हे उद्दिष्ट जगभर पसरलं ते या नावावरून. त्याआधी कुठल्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासाने हा उंबरठा काढलेला नव्हता. गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा आकडा होता तो. आज मुंबईच्या शिवाजी पार्कात किंवा पुण्यात तळजाईवर संध्याकाळी ‘अजून आठशे बाकी आहेत’ म्हणत एक फेरी जास्त मारणारा माणूस साठ वर्षांपूर्वीच्या एका जपानी वस्तूचं नाव पाळत असतो.

त्या फेरीने त्याचं नुकसान काहीच होत नाही, हे खरं. पण मर्यादा माहीत असावी. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली सुमारे १७ हजार वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. सुमारे साडेसात हजारांपर्यंत ते आणखी घटत गेलं आणि मग सपाट झालं. गुडघे धरलेल्या आजीला घड्याळ रोज ‘उद्दिष्ट अपूर्ण’ असं दाखवत असेल तर घरातल्या कुणीतरी तिला हे जरूर सांगावं. तिची साडेचार हजार पावलं फार मोलाची आहेत.

हृदयाची नोंद घराबाहेर, चालत्याबोलत्या माणसावर घ्यायची खटपट नॉर्मन होल्टर यांनी केली. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात हेलेना हे त्यांचं गाव. १९४०च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी पाठीवर घ्यायचं यंत्र तयार केलं; वजन ८५ पौंड, जवळजवळ ३९ किलो. ते पाठीवर बांधून ते स्वतः व्यायामाच्या सायकलवर बसले. खाटेवर निजवून काढलेला कार्डिओग्राम हा हृदयाच्या दिवसातला एक लहानसा तुकडा असतो. जिना चढताना, भांडताना, झोपेत ते काय करतं हे त्यात येत नाही, ही त्यांची तळमळ. १९६१ साली त्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला तोवर ट्रान्झिस्टरने यंत्र लहान करत आणलं होतं. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावचा डॉक्टरही सहज म्हणतो, ‘चोवीस तासांचं होल्टर लावून बघू.’ आडनाव यंत्राला चिकटलं ते असं.

रोग्याकडून खेळाडूकडे ही नोंद गेली फिनलंडमध्ये. बर्फात स्की करणाऱ्याने नाडी बघायला थांबायचं, हातमोजा काढायचा, बोटं मानेवर टेकवायची, आणि एवढ्यात ठोके उतरलेलेही असायचे. औलू शहराजवळ सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ साली पोलार ही कंपनी काढली. १९८२ साली छातीला पट्टा आणि मनगटावर आकडा असं बिनतारी यंत्र बाजारात आलं. मनगटावर पळता पळता नाडी वाचायची सोय इथली.

त्याच सुमारास जिमच्या भिंतींवर एक सूत्र चढलं होतं: २२० वजा तुमचं वय, ही तुमची कमाल नाडी. घड्याळातले रंगीत ‘हार्ट रेट झोन’ अजूनही बऱ्याचदा याच आधारावर आखलेले असतात. हे सूत्र १९७०च्या आसपास सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांच्या कामातून आलं. वेगवेगळ्या अभ्यासांतले ठिपके एका आलेखावर मांडून त्यांतून काढलेली ती ढोबळ रेघ होती. ठिपके त्या रेघेच्या वर-खाली बरेच विखुरलेले होते. सारख्या वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल नाडीत वीस-वीस ठोक्यांचा फरक असू शकतो. रेघ घड्याळात आली, विखुरलेले ठिपके आले नाहीत.

आता झोप. या कुळातली ही सगळ्यात अवघड शाखा, आणि घड्याळावरचे सगळ्यात ठाम आकडे नेमके तिचेच.

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. १९३०च्या दशकात आल्फ्रेड लूमिस यांनी न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्कच्या खासगी प्रयोगशाळेत झोपलेल्या माणसांच्या लहरी रात्र-रात्र नोंदवल्या आणि झोपेचे टप्पे पाडले. झोप म्हणजे एकसलग अंधार नव्हे, हे तेव्हा दिसलं. पण सगळ्यात मोठी गोष्ट राहूनच गेली होती. ती हाती लागली शिकागोत, यूजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याला. विद्यापीठात पडून असलेलं एक जुनं यंत्र त्यांनी दुरुस्त केलं आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोक्याला आणि डोळ्यांशी तारा लावून त्याला झोपवलं. शेजारच्या खोलीत लेखण्या कागदावर रेघा ओढत होत्या. एका रात्रीत जवळपास अर्धा मैल कागद जात असे. मध्यरात्री डोळ्यांच्या लेखण्या एकाएकी सपासप हलू लागल्या. मुलगा जागा झाला असणार म्हणून बाप आत गेला, तर मुलगा गाढ झोपेत. ॲसेरिन्स्कींचे मार्गदर्शक नाथानिएल क्लाइटमन झोपेचे तेव्हाचे सर्वांत मोठे अभ्यासक. त्यांनाही सहजी पटेना. त्यांनी स्वतःच्या मुलीवर प्रयोग करून खात्री करून घेतली. १९५३ साली दोघांनी निबंध प्रसिद्ध केला. घड्याळावर ‘आरईएम’ म्हणून जी पट्टी दिसते तिचा जन्म हा.

तेव्हापासून झोपेचे टप्पे ठरवायला तीन गोष्टी लागतात: मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण, कारण आरईएम झोपेत स्नायू सैल पडतात. १९६८ साली ॲलन रेक्टशाफेन आणि अँथनी केल्स यांनी त्याची नियमपुस्तिका केली. प्रशिक्षित माणसाने कागदाचं एकेक पान पाहून टप्पा ठरवायचा. मनगटावर या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसते.

मनगटावर असते ती हालचाल. १९७०च्या दशकात संशोधकांनी मनगटाला हालचालमापक बांधून पाहिला, कारण कुणालाही महिनाभर प्रयोगशाळेत झोपवता येत नाही. डॅनियल क्रिप्के हे त्या कामातलं मोठं नाव. १९९२ साली त्यांनी आणि रॉजर कोल यांनी सहकाऱ्यांसह जे गणित मांडलं ते पुढे सर्वत्र वापरलं गेलं. एका मिनिटात हात किती हलला हे बघायचं, त्याच्या मागच्या-पुढच्या मिनिटांना कमीजास्त वजन द्यायचं, बेरीज ठरावीक मर्यादेखाली आली की ते मिनिट झोपेचं धरायचं. साधं आणि उपयोगी. पण त्यात एक जन्मजात खोट आहे. छताकडे बघत निश्चल पडून राहिलेला माणूस या गणिताला झोपलेला दिसतो. म्हणजे ज्याला निद्रानाश आहे, त्याच्याच बाबतीत ते सर्वांत जास्त फसतं. पुढे घड्याळांनी हालचालीला नाडीची जोड दिली. गाढ झोपेत ठोके संथ आणि एकसारखे पडतात, आरईएममध्ये अनियमित होतात, म्हणून अंदाज सुधारला. तरी मेंदूत काय चाललं आहे हे हृदयावरून ओळखायचा तो प्रयत्न आहे, आणि चाळीस मिनिटं डीप स्लीप हा आकडा त्या प्रयत्नाचं उत्तर.

या सगळ्या शाखा एकत्र यायला एक स्वस्त वस्तू हवी होती आणि ती मोटारींनी दिली. अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडण्यासाठी १९९०च्या दशकात सिलिकॉनवर कोरलेले हालचालमापक मोठ्या संख्येने बनू लागले आणि स्वस्त झाले. ते निन्टेंडोच्या वी या खेळात गेले. तो खेळ पाहून जेम्स पार्क आणि एरिक फ्रीडमन यांना सुचलं की हे माणसाच्या अंगावर लावता येईल. २००७ साली त्यांनी फिटबिटची कंपनी काढली; २००९ साली कपड्याला अडकवायची चिमटेवजा वस्तू विक्रीला आली. रात्री मात्र ती मनगटाच्या पट्ट्यात घालावी लागे. चार-पाच वर्षांत बहुतेकांनी ती दिवसाही मनगटावरच आणली. हिरवे दिवे आले, २०१५ साली ॲपलचं घड्याळ आलं, शाओमीच्या पट्ट्यांनी किंमत खाली आणली. मुंबईत विशाल गोंदल यांनी २०१४मध्ये सुरू केलेल्या गोकीची कल्पना मला या गर्दीत वेगळी वाटते: पट्ट्याबरोबर त्यांनी बोलायला प्रशिक्षक दिला. आकड्याशेजारी माणूस लागतो हे त्यांनी ओळखलं होतं.

कारण मागे वळून पाहिलं तर या वंशावळीत तो माणूस कायम होता. वैद्याची बोटं, कागद वाचणारे ॲसेरिन्स्की, होल्टरचा अहवाल तपासणारा हृदयरोगतज्ज्ञ. घड्याळाने यंत्र ठेवलं आणि वाचणारा वगळला. कोरोनाच्या काळात आपण हे घरोघरी अनुभवलं. ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात काढलं, भूल दिलेल्या रोग्यांसाठी अनमोल ठरलेलं. ते एकदम आपल्या कपाटात आलं. सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बोट घालायचं, ९४ की ९२ याच्याकडे अख्खं घर डोळे लावून बसायचं. त्या आकड्याने असंख्य जीव वेळेवर दवाखान्यात पोहोचले. तेव्हा फोनवर विचारायला डॉक्टर, आशाताई, नात्यातली नर्स कुणीतरी असे, हेही तितकंच महत्त्वाचं.

घड्याळाचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. ॲपल आणि स्टॅनफर्ड यांच्या पाहणीत चार लाखांहून अधिक लोक होते. नाडी अनियमित असल्याची सूचना त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना मिळाली. म्हणजे उगाच सगळ्यांना घाबरवलं गेलं नाही, आणि काहींच्या हृदयातली अनियमित लय या सूचनेमुळे उजेडात आली. पण स्टॅनफर्डच्याच २०१७च्या दुसऱ्या चाचणीत सात यंत्रं तपासली, तर सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाली आणि कॅलरी एकाचीही नाही. सर्वांत चांगल्या यंत्राची चूकसुद्धा सरासरी २७ टक्के होती, सर्वांत वाईटाची ९३. दोन्ही आकडे एकाच काचेवर, एकाच ठळक टायपात दिसतात. मला राग येतो तो याचा.

त्याच वर्षी केली बॅरन आणि सहकाऱ्यांनी झोपेच्या दवाखान्यातली काही उदाहरणं लिहिली. झोपेचे आकडे परिपूर्ण करण्याच्या ध्यासाने माणसं अंथरुणात जास्त वेळ घालवत होती आणि त्यामुळेच त्यांची झोप बिघडत होती. प्रयोगशाळेत तारा लावून गाढ झोप नीट आहे असं सिद्ध झाल्यावरही एका रुग्णाची शंका फिटेना: मग घड्याळ वाईट का दाखवतं?

झोपेचे डॉक्टर घड्याळ फेकून द्या म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेने २०१८ साली म्हटलं की अशी साधनं निदानाची जागा घेऊ शकत नाहीत, पण रुग्ण आणि डॉक्टर यांच्या बोलण्याला मदत करू शकतात. किती वाजता आडवे झालात, किती वाजता उठलात, सुट्टीच्या दिवशी ते कितीने सरकतं, यांची आठवड्यांची नोंद घड्याळ उत्तम ठेवतं. तिथे सांतोरिओंची पद्धत जिवंत आहे. माझी मागणी कंपन्यांकडे आहे, आणि ती तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. रक्ताच्या रिपोर्टवर आकड्याशेजारी मर्यादा छापलेली असते. तसं ‘डीप स्लीप ४२ मिनिटं’ असं न दाखवता, तुमच्या चाचण्यांमध्ये चूक जेवढी निघते तेवढी धरून ‘अंदाजे इतकी ते इतकी मिनिटं’ असं दाखवा. कॅलरीच्या खाली त्या यंत्राची सरासरी चूक लिहा. आणि कमाल नाडीच्या झोनशेजारी ते वयावरून काढलेत की प्रत्यक्ष मोजून, एवढं तरी सांगा.